पॅकेट वाचणारा पाकीटमार नव्हे

‘वायरशार्क’ हे नाव ऐकताच ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात संस्थाचालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, पालक आहेत आणि जमातीतले बुजुर्गही आहेत. मुलांना सायबर सुरक्षेच्या स्पर्धेसाठी तयार करायचं म्हणून संगणक कक्षात नेटवर्कची वाहतूक वाचणारं साधन बसवू द्या, एवढीच मागणी घेऊन मी गेली काही वर्षं दारं ठोठावते आहे. उत्तर ठरलेलं असतं. “मॅडम, हे हॅकिंग आहे. उद्या पोलीस दारात आले तर? आणि त्यात आपली मुलं म्हटल्यावर...” पुढचं वाक्य कुणी पूर्ण करत नाही. करायची गरजही पडत नाही.

त्या अर्धवट वाक्यामागची भीती मला कळते. मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण भीती खरी असली म्हणून तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. त्या भीतीपोटी आपण आपल्याच मुलांच्या हातून वाचनाचं एक साधन काढून घेतो आहोत, हे मला आज स्पष्ट सांगायचं आहे.

वाचनाचं साधन हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, संगणक हा माझा विषय नाही. दरवर्षी मुलांना पत्रलेखन शिकवते. पाठवणाऱ्याचा पत्ता, दिनांक, मायना, मजकूर, समारोप आणि पाकिटावर मिळणाऱ्याचा पत्ता. संगणकाच्या जाळ्यातून जाणारं प्रत्येक पॅकेट असंच बांधलेलं असतं. फरक इतकाच की तिथे पाकिटात पाकीट असतं. सगळ्यात बाहेर इथरनेटचं, त्याच्या आत आयपीचं, त्याच्या आत टीसीपीचं आणि सगळ्यात आत खरा मजकूर. दोन संगणक बोलायला सुरुवात करताना आधी एक सलाम करतो, दुसरा सलामचा जवाब देऊन आपलाही सलाम करतो, मग पहिला त्याचा जवाब देतो. या तीन पॅकेटांशिवाय टीसीपीची गोष्ट पुढे सरकत नाही. सातवीतल्या मुलीला हे दहा मिनिटांत समजतं. नेटवर्क ट्रॅफिक अ‍ॅनालायझर म्हणजे ही पाकिटं क्रमाने मांडून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.

त्यातलं सर्वात प्रसिद्ध म्हणजे वायरशार्क. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत काम करणाऱ्या जेराल्ड कोम्ब्सने ते १९९८ मध्ये ‘इथिरियल’ या नावाने लोकांसमोर ठेवलं. नेटवर्क का अडतं हे शोधायला त्याला साधन हवं होतं आणि बाजारातली साधनं परवडणारी नव्हती. २००६ मध्ये त्याने नोकरी बदलली, जुन्या नावाचा हक्क जुन्या मालकांकडे राहिला आणि नाव ‘वायरशार्क’ झालं. सॉफ्टवेअर तेव्हाही फुकट होतं, आजही आहे, आणि त्याचा कोड कुणालाही वाचायला खुला आहे. त्याचा मोठा भाऊ ‘टीसीपीडंप’ तर १९८८ पासूनचा, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतला. ज्याला आपल्याकडे चोरांचं हत्यार म्हणतात, ते बिघाड शोधणाऱ्या मिस्त्रीचं टेस्टर आहे. विजेचं टेस्टर खिशात ठेवणाऱ्याला आपण वीजचोर म्हणत नाही.

आता अफवांबद्दल. एका बैठकीत मला विचारलं गेलं, “हे टाकलं की मुलं सगळ्यांचं व्हॉट्सअ‍ॅप वाचतील ना?” वाचणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनपासून मिळणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातो. बँकेच्या पानांपासून बहुतेक सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसने चालतात. मधल्या वाटेवर वायरशार्क लावला तर दिसतो फक्त निरर्थक अक्षरांचा ढीग. दुसरी गोष्ट, साध्या स्विचला जोडलेल्या संगणकावर तुम्हाला स्वतःची पॅकेटं आणि सगळ्यांसाठी ओरडून सांगितलेल्या घोषणा, एवढंच दिसतं. शेजारच्या बाकावरच्या संगणकाची वाहतूक पाहायची तर महागड्या स्विचमध्ये तशी सोय मुद्दाम करावी लागते, म्हणजे जाळ्याच्या मालकाची परवानगी लागते. उघड्या वायफायवर बिनकुलपाचा मजकूर जात असेल तर तो वाचता येतो, हे खरं. पण हे जिला माहीत आहे ती मुलगी आपल्या अब्बांना स्टँडवरच्या फुकट वायफायवर काय करू नये, हेही सांगू शकते. न शिकलेली मुलगी ते सांगू शकत नाही.

मग ही स्पर्धा काय असते? तिला ‘कॅप्चर द फ्लॅग’ म्हणतात, झेंडा हस्तगत करण्याचा खेळ. झेंडा म्हणजे ठरावीक नमुन्याची एक अक्षरमाळ, कुठेतरी लपवलेली. लास वेगासच्या ‘डेफकॉन’ संमेलनात हा खेळ १९९६ पासून खेळला जातो. शाळकरी मुलांसाठी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये ‘पिकोसीटीएफ’ सुरू केली. ती फुकट आहे, तेरा वर्षांवरच्या कुणालाही खुली आहे आणि तिचे जुने प्रश्न वर्षभर सरावाला उपलब्ध असतात. आपल्या देशात केरळच्या अमृता विश्व विद्यापीठम्‌मधल्या ‘बायोस’ या चमूशी जोडलेली ‘इनसीटीएफ’ आहे आणि तिचा शालेय विभागही आहे. अशा स्पर्धांमध्ये न्यायवैद्यक विभागात मुलांना नोंदवलेल्या पॅकेटांची एक फाइल देतात आणि सांगतात, यात काय घडलं ते शोधा. ती उघडायची वायरशार्कमध्ये. ‘प्रोटोकॉल हायरार्की’त पाहायचं, कोणत्या भाषेत किती बोलणं झालं. ‘कॉन्व्हर्सेशन्स’मध्ये पाहायचं, कोण कुणाशी बोललं. मग एका संभाषणावर उजवं बटण दाबून ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’ म्हटलं की विखुरलेली पॅकेटं जोडून पूर्ण संवाद समोर येतो. माझ्या लेखी हे उताऱ्यावरचे प्रश्नच आहेत. उतारा वाचा, पात्रं ओळखा, लेखकाने काय लपवलं आहे ते सांगा.

याच्या पुढची पायरी हल्ला आणि बचाव. प्रत्येक संघाला सारखाच एक सर्व्हर मिळतो. त्यावर चार-पाच सेवा चालू असतात आणि प्रत्येकीत चुका पेरलेल्या असतात. आयोजकांचा एक कार्यक्रम दर काही मिनिटांनी येऊन नवा झेंडा ठेवून जातो आणि सेवा नीट चालते का ते तपासतो. तुम्ही स्वतःच्या चुका बुजवायच्या, दुसऱ्यांच्या शोधून झेंडे आणायचे. इथे अ‍ॅनालायझर नसलेला संघ म्हणजे अंधारात पहारा देणारा चौकीदार. कुणी कोणत्या वाटेने आत आलं हे पॅकेटंच सांगतात, आणि दुसऱ्याने तुमच्यावर केलेला हल्ला वाचूनच तुम्हाला तुमची चूक कळते.

हे उभारायला किती खर्च? माझं उत्तर आहे: तीन जुने संगणक, एक साधा स्विच, तीन केबली. इंटरनेट फक्त सॉफ्टवेअर उतरवण्यापुरतं लागतं, नंतर ती तार काढून ठेवायची. तिन्हीवर उबंटू टाकायचं. एक संगणक सर्व्हर, दुसरा वाचणारा, तिसरा कधी तपासनीस, कधी हल्लेखोर. वायरशार्क टाकताना एक प्रश्न विचारला जातो, की साध्या वापरकर्त्याला पॅकेटं पकडू द्यायची का? ‘हो’ म्हणायचं आणि मुलांच्या खात्याला ‘वायरशार्क’ या गटात घालून एकदा बाहेर पडून परत आत यायचं. अनेक जण हे टाळून सगळा कार्यक्रमच ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकाराच्या जोरावर चालवतात. तसं करू नये. पॅकेटं पकडण्याचं काम ‘डंपकॅप’ नावाचा छोटा कार्यक्रम करतो, अधिकार तेवढ्यालाच पुरतात. शेकडो प्रकारची पॅकेटं उलगडणाऱ्या भल्यामोठ्या कोडमध्ये चुका सापडत असतात, आणि परक्याने पाठवलेलं पॅकेट अशा कोडला सर्वाधिकारासह वाचायला देणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देणं.

दुसरा धडा गाळणीचा. वायरशार्कमध्ये दोन गाळण्या आहेत. पकडतानाची आणि दाखवतानाची. त्यांची लिहिण्याची पद्धतही वेगळी आहे. दाखवतानाची गाळणी चुकली तर बदलता येते. पकडतानाची चुकली तर जे गाळलं ते कायमचं गेलं. म्हणून पकडताना हात सैल ठेवावा. अपवाद एकच. सर्व्हरवर नोंदवलेल्या फाइली आपण सुरक्षित वाटेने, म्हणजे एसएसएचने, दुसऱ्या संगणकावर आणतो. ती २२ क्रमांकाच्या पोर्टवरची वाहतूक वगळली नाही तर फाइल नेण्याचीच नोंद पुढच्या फाइलीत होते, ती नेण्याची त्याच्या पुढच्या, आणि बघता बघता डिस्क भरते.

तिसरा धडा वेळेचा. सर्व्हरवर टीसीपीडंप लावून दर मिनिटाला नवी फाइल सुरू करायची, जुनी लगेच वाचणाऱ्या संगणकाकडे न्यायची. तिथे ‘ट्युलिप’सारखं साधन बसवायचं. २०२२ मध्ये अथेन्सला पहिली आंतरराष्ट्रीय सायबर सुरक्षा स्पर्धा झाली, तिच्यासाठी युरोपच्या संघाने ‘फ्लॉवर’ या आधीच्या साधनावरून ते घडवलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्या मांडणीत भरायच्या गोष्टी मोजक्या: आपल्या सर्व्हरचा पत्ता, प्रत्येक सेवेचं नाव आणि पोर्ट, झेंड्याचा नमुना, खेळ सुरू झाल्याची वेळ आणि एका फेरीची लांबी. मग ब्राउझरमध्ये प्रत्येक संभाषण सेवेनुसार आणि फेरीनुसार दिसतं. झेंडा आत येताना वेगळी खूण, बाहेर जाताना वेगळी. बाहेर जाणारा प्रत्येक झेंडा चोरीचा नसतो, कारण आयोजकांचा तपासनीसही आपला झेंडा परत मागून पाहतो. दोघांतला फरक वाचून ओळखावा लागतो.

आणि इथे या खेळातला मला सर्वात प्रिय नियम येतो. अशा अनेक स्पर्धांमध्ये आयोजक सगळ्यांचे पत्ते झाकून टाकतात. तपासनीस आणि हल्लेखोर एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. का? कारण पत्ता पाहून दार लावून घेण्याचा आळशी मार्ग बंद व्हावा. संशयाने सगळ्यांनाच अडवलंत, तर तपासनीसही अडतो, तुमची सेवा बंद धरली जाते आणि गुण जातात. जिंकायचं असेल तर येणारा काय करतो आहे, ते वाचावंच लागतं. ज्या मुलांच्या आईवडिलांना आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं, त्या मुलांना हा नियम मला समजावून सांगावा लागत नाही. पत्त्यावरून माणूस ओळखणं हा अन्याय आहे, हे ती घरून शिकून आलेली असतात. ती सुरक्षेच्या दृष्टीने कच्ची पद्धतही आहे, हे त्यांना इथे पहिल्यांदा कळतं.

आता आक्षेपांकडे येते. पहिला, कायद्याचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ उघडून पाहा. त्याचा सगळा भार एका शब्दावर आहे: परवानगी. मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा जाळ्यात शिरणं, त्यातली माहिती काढणं, हा दोष. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःच्या तीन संगणकांत, स्वतःच्या स्विचवर, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने स्वतःचीच पॅकेटं वाचण्याला हा कायदा हात लावत नाही. मी तर म्हणते, पहिल्या तासाला मुलांना हीच दोन कलमं वाचायला द्या आणि परवानगीचा कागद कक्षाच्या भिंतीवर चिकटवा.

काही बुजुर्ग दुसऱ्या बाजूने येतात. दुसऱ्याचं चोरून पाहणं ऐकणं म्हणजे तजस्सुस, आणि सूरह हुजुरातमध्ये त्याची मनाई आहे, असं ते म्हणतात. मनाई आहेच, बरोबर बोलतात. पण सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घेण्याचा हुकूमही आहे. म्हणजे तिथेही कळीचा शब्द परवानगी हाच. आपल्या घराच्या दारात उभं राहून कोण येतं जातं हे पाहणं तजस्सुस नसतं, ती राखण असते. आणि नवव्या शतकात बगदादमध्ये बसून अल-किंदीने अक्षरं किती वेळा येतात हे मोजून गुप्त लिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली, तो ग्रंथ आपण भाषणात अभिमानाने सांगतो. भाषणात अल-किंदी आणि संगणक कक्षाला कुलूप, हे एकत्र कसं बसतं?

दुसरा आक्षेप भाषेचा. “आपली मुलं उर्दू-मराठी माध्यमाची, हे सगळं इंग्रजीत.” हा आक्षेप आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकताना जास्त लागतो. वायरशार्कच्या पडद्यावर पहिल्या महिन्यात लागणारे इंग्रजी शब्द पंचवीस-तीस आहेत. सोर्स, डेस्टिनेशन, लेंग्थ, प्रोटोकॉल. याहून जास्त इंग्रजी शब्द आपली मुलं क्रिकेटच्या एका सामन्यात बोलतात. उलट, या मुलांना इथे एक गोष्ट अधिकची मिळते. दोन संगणकांमध्ये ‘नेटकॅट’ने साधी गप्पांची वाट उघडा आणि उर्दूत सलाम पाठवायला सांगा. सीन, लाम, अलिफ, मीम ही चार अक्षरं, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे आठ. ओळ संपल्याची खूण एक, एकूण नऊ. मग तोच सलाम देवनागरीत पाठवा. स, ल, काना, म. प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे बारा आणि एक, तेरा. काना वेगळा मोजला जातो हे पाहून मुलं चमकतात. मराठीच्या तासाला मी जी बाराखडी शिकवते, ती तारेतून कशी धावते हे त्यांना दिसतं. दोन लिप्या येणं हे इथे ओझं ठरत नाही. एकाच लिपीत वाढलेल्या मुलाला जो प्रश्न सुचणारही नाही, तो या मुलांना पहिल्याच दिवशी पडतो.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेत नाही, कारण त्यात पैसा आहे. ‘एथिकल हॅकिंग’च्या नावाने गल्लोगल्ली क्लास उघडले आहेत. हजारोंची फी, शेवटी सोनेरी कडांचं प्रमाणपत्र आणि शिकवतात तेच साधन जे फुकट मिळतं. रिक्षा चालवणारे, शिवणकाम करणारे आईबाप कर्ज काढून ती फी भरतात. शाळेने हे दार बंद ठेवलं की मूल त्या दारात जातं, नाहीतर मोबाइलवर ‘पाच मिनिटांत कुणाचंही अकाउंट हॅक करा’ छापाचे व्हिडिओ पाहतं. तिथे त्याला कलम ४३ कुणी वाचून दाखवत नाही. मूल बिघडेल म्हणून शाळेत शिकवायचं नाही, आणि जिथे खरोखर बिघडेल तिथे मात्र पाठवायचं, याला सावधपणा म्हणत नाहीत.

संस्थांची कल्पना एमएस-सीआयटीपाशी थांबली आहे. २००१ मध्ये तो कोर्स सुरू झाला तेव्हा माउस धरायला शिकणं हीच मोठी झेप होती, आणि त्याने लाखो घरांत संगणक नेला, याबद्दल मला आदर आहे. पण आज देश कुठे आहे? सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना आणि संस्थांना सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या नोंदी वाचणारी माणसं लागणार. ती कुठून येतील? जिथे शाळेत वाचायला शिकवलं जाईल तिथून. आपण मुलांना पत्र टाइप करून त्याला रंगीत चौकट द्यायला शिकवत राहिलो, तर ती या रांगेत उभीसुद्धा राहू शकणार नाहीत.

आणि मुलींबद्दल. माझ्या वर्गात मुली जास्त आहेत. दहावीनंतर दूरच्या कॉलेजला पाठवायचं की नाही यावर घरात आठवडाभर चर्चा होते, हे मी दरवर्षी पाहते. या स्पर्धा घरबसल्या, शाळेत बसून, संघाने खेळता येतात. नाव संघाचं असतं, चेहरा कुणी मागत नाही. ज्या क्षेत्राचं दार उंबरठ्याच्या आतूनही उघडतं, तिथे तरी मुलींना आपण अडवू नये.

म्हणून मागण्या साध्या आहेत. संस्थाचालकांनी भंगारात काढायच्या संगणकांपैकी तीन बाजूला ठेवावेत आणि एका पानावर परवानगी लिहून द्यावी. मुख्याध्यापकांनी आठवड्याचा एक तास द्यावा. पालकांनी एखाद्या शनिवारी येऊन पडद्यावर नेमकं काय दिसतं ते स्वतः पाहावं आणि मग बोलावं. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी ‘हे आमच्या अभ्यासक्रमात नाही’ म्हणू नये. भाषेच्या शिक्षिकेच्या अभ्यासक्रमातही ते नव्हतं.

राहिली पोलिसांची भीती. ज्याला आपल्या संगणकातून काय बाहेर गेलं आणि काय गेलं नाही हे पॅकेट दाखवून सांगता येतं, त्याच्या बाजूने निदान एक पुरावा तरी उभा असतो. ज्याला ते येत नाही, त्याच्याबद्दल दुसरा जे सांगेल तेच खरं मानलं जातं. आपल्या मुलांना यातल्या कोणत्या बाजूला उभं करायचं, हे आपणच ठरवायचं आहे. कक्षाची किल्ली आपल्याच खिशात आहे.